बीन डिप रवाळ का होतं आणि दहा मिनिटांत कसं जमतं

विचारलंय ते असं: संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर मुलांना काहीतरी पटकन होणारं आणि हेल्दी द्यायचंय, बीन डिप (म्हणजे राजम्यासारखे शिजलेले दाणे वाटून केलेलं, बुडवून खायचं घट्ट वाटण) दोनदा करून बघितलं, एकदा रवाळ झालं आणि एकदा इतकं पातळ की वरणासारखं वाहायला लागलं, विकतचं हमस, म्हणजे काबुली चण्याचं डिप, महाग पडतं, तर घरी नीट कसं जमवायचं आणि टिनमधले बीन्स घेतले तर चालतील का. मी गेली अठरा वर्षं डबे देते आणि त्यातली सात-आठ वर्षं शनिवार-रविवारच्या पार्टी ऑर्डरींना डिप पण देते, म्हणजे महिन्याला चार-पाच किलो तरी राजमा माझ्या कुकरमधून जातो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते, घाई असेल तर मधलं सगळं सोडून डायरेक्ट मापावर जा.

आधी मिक्सरला दोष देणं बंद करा. दहातल्या नऊ जणी मला म्हणतात माझा मिक्सर जुनाय म्हणून डिप खरखरीत होतं, आणि मी त्यांच्याकडचा एक दाणा बघितला की कळतं, राजमा नीट शिजलेलाच नसतो. भाजीला जसा शिजवतो तसाच काढलेला असतो. भाजीत दाणा अख्खा दिसायला हवा असतो म्हणून आपण थोडा आधी थांबतो, सवयच लागलेली असते हाताला, पण डिपला तो दाणा मोडलेलाच हवा. बघायचं कसं, तर कुकर उघडल्यावर एक दाणा अंगठा आणि शेजारच्या बोटात धरून अगदी हलका दाबायचा. साल बाजूला सटकली आणि आतला गर बोटाला लोण्यासारखा लागला तर झालं. दाण्याच्या दोन फाका झाल्या आणि मधे खडूसारखी पांढरट रेघ दिसली तर परत झाकण लावा, अजून दहा मिनिटं. आणि एकच दाणा बघू नका, तळातला एक, वरचा एक, मधला एक असे तीन-चार बघा, कारण किराणावाला जुन्या पोत्यातला आणि नव्या पोत्यातला माल एकत्र करतो, मग अर्धे शिजतात आणि अर्धे तसेच राहतात.

रवाळ होण्याचं दुसरं कारण फार जणींना माहीतच नसतं, ते म्हणजे गार राजमा वाटणं. सकाळी शिजवून फ्रीजमधे ठेवला आणि संध्याकाळी तसाच गारेगार मिक्सरमधे टाकला तर कितीही फिरवा, जिभेला बारीक कण लागतातच. शिजलेल्या दाण्यातला स्टार्च गार झाला की घट्ट बसतो, शिळा भात कसा मोकळा आणि कडक होतो तसंच. गरम केला की परत सैलावतो. म्हणून वाटायच्या आधी राजमा त्याच्याच पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळवून घ्यायचा आणि कोमटाच्या थोडा वर असतानाच वाटायचा. पण उकळता नको हं. मी एकदा चाळीस माणसांच्या ऑर्डरला घाईघाईत कुकरमधला राजमा जसाच्या तसा मोठ्या जारमधे ओतला, झाकण दाबून बसवलं आणि बटण फिरवलं, आत वाफ कोंडली, झाकण उडालं आणि अर्धा राजमा टाइल्सवर, थोडा ट्यूबलाइटवर, थोडा माझ्या केसात. हात भाजला तो वेगळाच. पाच मिनिटं थांबा, जार अर्धाच भरा, मग वाटा.

आता राजम्याची एक सिरियस गोष्ट, ही कृपा करून सोडू नका. राजम्यात, त्यातही लाल राजम्यात जास्त, एक लेक्टिन, म्हणजे विषारी प्रोटीन असतं, आणि तो अर्धाकच्चा पोटात गेला तर एक ते तीन तासांत जबरदस्त उलट्या आणि नंतर जुलाब होतात, चार-पाच कच्चे दाणे पण पुरतात. नीट उकळला की ते निघून जातं. किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून टाकायचं, नव्या पाण्यात शिजवायचा. कुकरला शिट्टी होते म्हणजे आतलं तापमान शंभरच्या वर गेलेलं असतं, त्यामुळे नेहमीच्या कुकरवाल्यांना काही टेन्शन नाही. टेन्शन आहे ते परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींना. माझी भाची न्यू जर्सीत असते, ती सकाळी स्लो कुकरमधे, म्हणजे तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, भिजवलेला राजमा टाकून ऑफिसला जायची. स्लो कुकरमधे पाणी बऱ्याचदा धड उकळत नाही, आणि ऐंशी डिग्रीच्या आसपास राजमा नुसता गरम होत राहिला तर तो त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. तिला म्हटलं बाई, आधी पातेल्यात अर्धा तास खळखळ उकळव, मग काय हवं ते कर. इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेचा कुकर, प्रेशरवर लावला तर चालतो, स्लो कुकच्या बटणावर नको.

आता कुठले दाणे घ्यायचे. बाजारात मिळणारा मोठा गडद लाल राजमा डिपला मला आवडत नाही, साल जाड आणि वाटल्यावर रंग असा काहीतरी मातकट जांभळा येतो की मुलं बघूनच नाक मुरडतात. चित्रा राजमा घ्या, तो ठिपक्यांचा फिकट असतो तो, लवकर शिजतो आणि गर मऊ, पिठूळ. त्याहून मला आपला वाघ्या घेवडा आवडतो, साताऱ्याकडे कोरेगाव भागात होतो तो, जीआय मानांकन मिळालंय त्याला, चवीला किंचित गोडसर असतो आणि डिपला लिंबाच्या आंबटपणाबरोबर तो गोडवा फार छान लागतो. पुण्या-मुंबईत धान्य महोत्सव किंवा बचत गटांचं प्रदर्शन लागतं तिथे बघा, मी दिसला की तीन-चार किलो एकदमच उचलते. पांढरी चवळी म्हणजे खऱ्या घाईचं काम, भिजवायचं विसरलात तरी कुकरला वीस-पंचवीस मिनिटांत गाळ होते, गोव्याकडचे कुणी असाल तर आळसांदे पण छान, फक्त ते भिजवून घ्या. काबुली चण्याचं तर हमसच झालं. मटकी आणि हिरवे मूग मात्र नका घेऊ, सालं राहतात आणि चव उसळ वाटून खाल्ल्यासारखी लागते. कडवे वाल मी एकदा बिरडं सोलून केले होते, चव अप्रतिम आली पण अर्धा किलो वाल सोलायला माझा पाऊण तास गेला, म्हणजे तुमच्या प्रश्नातलं क्विक तिथेच संपलं. थंडीत सोलाणे किंवा ताजे मटार मिळतात तेव्हा ते पाच मिनिटं वाफवून याच पद्धतीने करा, तो रंग बघूनच मुलं येतात.

आणि हो, क्विक म्हणजे काय ते पण सांगून टाकते. कोरड्या राजम्यापासून संध्याकाळी सहाला सुरू करून साडेसहाला डिप होत नाही, कुणी कितीही व्हिडिओ टाकू देत. क्विक होतं ते रविवारच्या तयारीने. शनिवारी रात्री अर्धा किलो राजमा भरपूर पाण्यात दोन चमचे मीठ घालून भिजवा. हो, मीठ. आपल्याकडे सांगतात मीठ घातलं तर दाणे कडक राहतात, पण भिजवायच्या पाण्यातल्या मिठाने साल उलट मऊ होते, मी दोन वाट्या बाजूबाजूला ठेवून करून बघितलंय. कडक ठेवतं ते आंबट, म्हणजे टोमॅटो, चिंच, लिंबू, हे शिजण्याआधी अजिबात नको. सकाळी पाणी ओतून द्या, दोनदा धुवा, नवीन पाणी दाण्यांच्या वर दोन बोटं येईल इतकं, एक तमालपत्र, थोडा हिंग, मोठ्या गॅसवर एक शिट्टी आणि मग मंद करून पंचवीस मिनिटं. गॅस बंद केल्यावर प्रेशर आपोआप उतरू द्या, शिट्टी उचलून वाफ काढू नका, त्या बसून राहण्यातच शेवटचा कच्चेपणा जातो.

बोअरचं पाणी असेल तर वेगळी कटकट. जड पाण्यातल्या कॅल्शियमने सालं आवळून बसतात, मग पन्नास मिनिटं लावा नाहीतर तास. तिथे शिजवायला प्यायचं फिल्टरचं पाणी घ्या, आणि तेही नसेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. चिमूटभरच. सोड्याने मऊ होतं खरं पण बी-१ जीवनसत्त्व मरतं आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते, ती लिंबाने पण जात नाही. आणि सगळं करूनही दाणे शिजलेच नाहीत तर समजा राजमा जुना आहे, दोन पावसाळे गोदामात काढलेला. तो डिपला सोडाच, कशालाच घेऊ नका.

अर्धा किलो कोरडा राजमा शिजून साधारण अकराशे-बाराशे ग्रॅम होतो. गार झाला की अडीचशे ग्रॅमचे, म्हणजे अंदाजे दीड वाटीचे भाग करून झिपवाल्या पिशव्यांत भरा, प्रत्येक पिशवीत राजमा शिजवलेलं अर्धी वाटी पाणी पण घाला, पिशवी आडवी चपटी करून फ्रीजरला. चार-पाच पाकिटं होतात, दोन-तीन महिने आरामात टिकतात. संध्याकाळी घरी आलात की पाकीट पातेल्यात उलटं करायचं, चपटं असल्यामुळे उकळायला पाच-सहा मिनिटं लागतात, तेवढ्यात तुमचा चहा होतो. हेच ते क्विक. टिनबद्दल विचारलंत, चालतो की, चारशे ग्रॅमच्या टिनमधे गाळून साधारण एवढाच माल निघतो आणि तो पूर्ण शिजलेला असतो, त्यामुळे तो सेफ आहे. फक्त त्यातलं पाणी फेका, बीन्स चाळणीत नळाखाली धुवा म्हणजे बरंचसं मीठ जातं, आणि वाटायच्या आधी गरम करायला विसरू नका. पण टिनच्या पैशात घरचा अर्धा किलो राजमा येतो, हिशोब तुमचा तुम्ही करा.

आता माप. एका पाकिटाला, म्हणजे अडीचशे ग्रॅम शिजलेल्या राजम्याला: दोन पाकळ्या लसूण, एका मध्यम लिंबाचा रस, दोन मोठे चमचे पांढरे तीळ, एक छोटा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, आणि राजमा शिजवलेलं पाणी बाजूला गाळून ठेवून लागेल तसं. वरून फोडणीला दोन छोटे चमचे तेल. संपलं. मेयो नाही, क्रीम नाही, चीज नाही.

क्रम मात्र महत्त्वाचा. राजमा गरम होतोय तोवर लसूण ठेचून लिंबाच्या रसात टाकून ठेवा, पाच-दहा मिनिटं. कच्च्या लसणीचा जो उग्र झणका नंतर तासभर तोंडात राहतो तो आंबटात बऱ्यापैकी बसतो, लसणीचा वास येतो पण चावत नाही. तीळ मंद गॅसवर तडतडेपर्यंत भाजा, रंग जेमतेम बदलायला हवा, लाल झाले तर कडू. मग चटणीच्या छोट्या जारमधे तीळ एकटेच फिरवा, थांबून थांबून, कडेचं चमच्याने खाली ढकलत, तेल सुटून गोळा व्हायला लागेपर्यंत. आपल्या घरच्या मिक्सरला विकतच्या ताहिनीसारखं (तिळाची पेस्ट असते ती) गुळगुळीत जमत नाही, जमवायला जाऊ पण नका, पण तीळ आधी वाटून घेतले तर डिपमधे कचकचत नाहीत, राजम्याबरोबर टाकले तर अख्खेच राहतात, हा फरक मी कितीतरी किलो वाया घालवून शिकले. तिळात लसूण-लिंबू आणि एक चमचा पाणी घालून फिरवलं की एकदम पांढरट, फुललेली पेस्ट होते. त्यात राजमा, जिरं, मीठ. तीळ नसतील तर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घ्या, चव जरा चटणीकडे झुकते पण मुलांना तीच आवडते. घरात तिळाची किंवा दाण्याची ॲलर्जी असेल तर दोन चमचे चक्का.

पाणी एका वेळी एकच चमचा. तुमचं जे पातळ झालं ना, ते इथेच झालं असणार, मिक्सर अडला म्हणून अर्धी वाटी पाणी एकदम ओतलं असणार. मिक्सर अडतोच, घट्ट मालात पात्याभोवती पोकळी होते आणि पातं हवेतच फिरत राहतं. अशा वेळी बंद करा, चमच्याने हलवून पोकळी मोडा, एक चमचा पाणी घाला, परत दहा सेकंद. सलग फिरवत राहिलात तर मिक्सर तापून बंद पडतो, मग घाबरू नका, खाली बुडाला एक छोटं लाल बटण असतं, पंधरा मिनिटं थांबून ते दाबा, चालू होतो. साधारण तीन-चार मोठे चमचे पाणी लागतं. फिरवताना श्रीखंडापेक्षा थोडं सैल ठेवा, फ्रीजमधे ते अजून घट्ट होतं. आणि चुकून पातळ झालंच तर बेसन-बिसन घालू नका, कुणीतरी तसं सांगतं आणि कच्च्या पिठाचा वास येतो. अजून दोन चमचे तीळ वाटून घाला किंवा नॉनस्टिक कढईत पाच मिनिटं परता, आळतं.

फोडणी आपली. तेल तापलं की जिरं, हिंग, गॅस बंद, मग काश्मिरी तिखट. गॅस चालू ठेवून तिखट टाकलंत तर दोन सेकंदांत काळं पडतं. डिप पसरट वाटीत काढून चमच्याच्या पाठीने मधे खळगा करायचा आणि त्यात ती लाल फोडणी ओतायची, वर कांदा बारीक चिरून, कोथिंबीर. आमच्याकडे ऑफिसवाले कांदा-लसूण मसाला भुरभुरवून मागतात, घाटावरचा तो, आणि खरं सांगू, ऑलिव्ह ऑइल आणि पॅप्रिकापेक्षा वाघ्या घेवड्याला तोच शोभतो. नाहीतरी दाणे किंवा डाळ वाटून वरून फोडणी हे आपल्याला काही नवीन नाही, चैत्रातली आंबेडाळ काय किंवा दह्यात कालवलेलं उडदाचं डांगर काय, आपण डिपच खातोय, फक्त डिप म्हणत नव्हतो.

हेल्दी आहे का, तर हो, पण हिशोब बघा. शंभर ग्रॅम शिजलेल्या राजम्यात साधारण आठ-नऊ ग्रॅम प्रोटीन, सहा-सात ग्रॅम फायबर आणि सव्वाशेच्या आसपास कॅलरी. वरच्या मापातलं सगळं धरून चार जणांत वाटलं तर प्रत्येकी अंदाजे सव्वाशे कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रोटीन. राजम्यात जे अमिनो आम्ल कमी असतं, मेथिओनिन, ते तिळात भरपूर, त्यामुळे तीळ नुसते चवीला नाहीत. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक तेल, मोठा चमचाभर तेल म्हणजे एकशेवीस कॅलरी, आणि कितीतरी रेसिप्यांत अर्धी अर्धी वाटी ओततात मऊपणा यावा म्हणून, तो मऊपणा राजमा नीट शिजवला की फुकट मिळतो. दुसरं म्हणजे बरोबर काय खाताय. डिप घरचं आणि बरोबर तळलेल्या नाचोजचं मोठं पाकीट, तर मग काय उपयोग. माझा सगळ्यात खपणारा जोड म्हणजे शिळी ज्वारीची भाकरी. सकाळच्या भाकरीचे कात्रीने त्रिकोण करायचे, तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्हीकडून कुरकुरीत करायचे, वजन म्हणून वर छोटं पातेलं ठेवलं तर वाकत नाहीत. दहा-बारा मिनिटं लागतात, डिप होईपर्यंत तेही होतात. गाजर, काकडी, मुळ्याच्या चकत्या तर आहेतच.

गॅसेसचं पण विचारतात लोक, लाजत लाजत. भिजवलेलं पाणी फेकल्याने थोडा फरक पडतो, हिंग-जिरं आहेच, पण मुख्य म्हणजे सवय नसेल तर पहिल्याच दिवशी वाटीभर खाऊ नका, दोन-तीन चमच्यांपासून सुरू करा. घरात कुणाला किडनीचा त्रास असेल आणि पोटॅशियम सांभाळायला सांगितलं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

टिकायचं म्हणाल तर फ्रीजमधे झाकून तीन दिवस, चौथ्या दिवशी मी ऑर्डरला देत नाही. डब्यात देणार असाल तर रात्रीच छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत भरून गार करा, कांदा वर घालू नका, तो पाणी सोडतो आणि दुपारपर्यंत आंबूस वास येतो. एप्रिल-मेमधे डब्यात देऊच नका सरळ. आणि लसूण कच्ची असलेलं डिप तेलाचा थर देऊन ओट्यावर ठेवायची आयडिया कुणी सांगितली तर ऐकू नका, तेलाखाली हवा नसते आणि तिथे बोटुलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, फ्रीज म्हणजे फ्रीजच.

उरलं तर थालिपीठ. अर्धी वाटी डिपला दीड वाटी भाजणी, कांदा, थोडं तिखट, लागेल तसं पाणी, खुसखुशीत होतात आणि आतून मऊ राहतात. डिपमधे लिंबू आणि मीठ आधीच असतं, त्यामुळे मीठ निम्मंच घाला, मी पहिल्यांदा विसरले होते आणि सगळ्यांना दह्याबरोबर संपवावी लागली.